उभ्या टायरचं वय

जर्मनीत गाडी बाळगणाऱ्या माणसाला वर्षातले दोन मुहूर्त कॅलेंडरात शोधावे लागत नाहीत. ऑक्टोबरात हिवाळी टायर चढवायचे आणि ईस्टरच्या सुमाराला उतरवून उन्हाळी लावायचे, असा तिथला रुळलेला रिवाज आहे. त्या सुमारास तळघरातून, गॅरेजातून किंवा सर्व्हिस सेंटरच्या कोठारातून चार चाकं बाहेर येतात. सहा महिने ती कुणी पाहिलेली नसतात. गाडीला लागण्याआधी त्यांची तपासणी होते. नक्षीची खोली मापायची, बाजूच्या भिंतीवरचे चार आकडे वाचायचे, खाचांच्या तळाशी आणि कडेला भेगा पडल्यात का ते बोट फिरवून पाहायचं. कुठे फुगा आलाय का, खडा किंवा खिळा रुतलाय का, व्हॉल्व्ह तडकलाय का, हेही बघायचं. मग हवा भरायची, आणि उतरवताना खडूने लिहून ठेवलेल्या खुणेप्रमाणे ज्या त्या जागी चाक बसवायचं.

सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटांचं काम. स्टुटगार्ट-म्युनिकपासून टोरांटो-माँट्रियलपर्यंत स्थायिक झालेल्या मराठी घरांतही ते आता अंगवळणी पडलं आहे. पण या छोट्या कामातली प्रत्येक पायरी वेगळ्या काळात, वेगळ्या देशात आणि वेगळ्या नुकसानीतून आली आहे. टायर धावून झिजतो हे कुणालाही दिसतं. तो नुसता उभा राहूनही म्हातारा होतो, हे कळायला मात्र माणसाला फार काळ लागला, आणि ते फुकटात कळलं नाही. त्या कळण्याचा हा मागोवा.

सुरुवात टायरच्याही आधी, रबरापासून करावी लागते. कारण हंगाम बदलला की वागणूक बदलणं हा रबराचा मूळ स्वभाव आहे. १८३० च्या दशकात अमेरिकेत ब्राझीलहून आलेल्या रबराची मोठी हवा झाली होती. पाणी न शिरणारे बूट, कोट, पिशव्या धडाक्याने बनत होत्या. पण बोस्टनच्या हिवाळ्यात हेच रबर दगडासारखं कडक होऊन तडकायचं आणि उन्हाळ्यात वितळून चिकट, दुर्गंधी लगदा व्हायचं. गिऱ्हाइकांनी माल परत आणून टाकला आणि कंपन्या बुडाल्या. चार्ल्स गुडइयर या कर्जबाजारी माणसाने याच प्रश्नाचा ध्यास घेतला. सरकारी टपालखात्यासाठी त्याने रबरी पिशव्या बनवल्या, त्याही उष्णतेत टिकल्या नाहीत. १८३९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न गावी गंधक मिसळलेलं रबर तापवल्यावर ते वितळण्याऐवजी चिवट होतं, हे त्याच्या लक्षात आलं. १८४४ मध्ये त्याला पेटंट मिळालं. १८६० मध्ये तो वारला तेव्हाही डोक्यावर कर्जाचा डोंगर होता. त्याच्या नावाची टायर कंपनी १८९८ मध्ये अॅक्रनला निघाली, पण तिच्याशी त्याचा किंवा त्याच्या कुटुंबाचा काही संबंध नव्हता.

गुडइयरने केलेली किमया अशी समजून घेता येते. कच्च्या रबराचे रेणू शिजलेल्या शेवयांसारखे लांब आणि एकमेकांवरून घसरणारे असतात. गंधक त्या धाग्यांमध्ये पूल बांधतं, मग ते घसरत नाहीत, ताणले तरी परत जागेवर येतात. या शोधाशिवाय टायर शक्यच नव्हता. पण दोन गोष्टी त्यातून सुटून राहिल्या. एक, थंडीने कडक होण्याचा गुण कमी झाला तरी गेला नाही. दुसरी, त्या लांब धाग्यांमध्ये कार्बनचे दुहेरी बंध शिल्लक राहिले, आणि हवेतल्या काही वायूंना तेच बंध तोडायला आवडतात. तळघरातून काढलेल्या टायरची आज जी तपासणी होते, तिचा मोठा भाग या दोन शिल्लक दुखण्यांवरची नजर आहे.

हवा भरलेल्या चाकाची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्येच पेटंट केली होती. ती विस्मरणात गेली. १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉपने ती पुन्हा शोधली, आणि मिशलँ बंधूंनी १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत हवेच्या टायरवर मोटार धाववली. टायर आला तसा बर्फाचा प्रश्नही आला. पहिलं उत्तर लोखंडाचं होतं. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनास्टोटा गावच्या हॅरी वीडने १९०४ मध्ये टायरवर बांधायच्या साखळ्यांचं पेटंट घेतलं. साखळ्या अजूनही डोंगरी रस्त्यांवर लागतात. पण कोरड्या रस्त्यावर त्या खडखडतात, सावकाश चालवावं लागतं, आणि दर वेळी गारठलेल्या हातांनी बांधायच्या-सोडायच्या म्हणजे शिक्षाच.

टायरनेच बर्फाला तोंड द्यावं, हा विचार फिनलंडमध्ये रुजला. नोकिया या गावातल्या सुओमेन गुम्मितेहदास या रबर कारखान्याने १९३४ मध्ये ट्रकसाठी ‘केलिरेंगास’ हा टायर काढला. जगातला पहिला हिवाळी टायर म्हणून त्याची नोंद होते. अभियंता एरिक सुंडक्विस्टने त्याला आडव्या, खोल खाचा दिल्या होत्या. रस्त्यावरच्या भुसभुशीत बर्फात त्या रुतायच्या आणि गाडी पुढे ढकलायच्या. दोनच वर्षांनी, १९३६ मध्ये, मोटारींसाठी ‘लुमी-हाकापेलिट्टा’ आला. हाकापेलिट्टा म्हणजे सतराव्या शतकात स्वीडनच्या फौजेतून तीस वर्षांच्या युद्धात लढलेले फिनिश घोडेस्वार. हाच रबर कारखाना १९६७ मध्ये नोकिया समूहात विलीन झाला आणि १९८८ मध्ये टायरचा धंदा पुन्हा वेगळा झाला. ज्या नोकियाचा फोन पुढे भारतात घरोघरी पोचला, तिच्या घराण्यातलं हे एक जुनं भावंड.

केलिरेंगासबरोबर एक नवी वस्तुस्थिती जन्माला आली, तिच्याकडे तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नसावं. गाडी एक, पण टायरचे संच दोन. म्हणजे जगातल्या थंड देशांत कोणत्याही क्षणी गाडीखाली चार टायर आणि कुठेतरी अंधारात चार टायर. न धावणाऱ्या टायरचा एवढा मोठा साठा तोवर कुणाकडे नव्हता.

दोन संच का लागतात, याचं उत्तर दशकागणिक बदलत गेलं. आधी ते फक्त नक्षीत होतं, मग खिळ्यांत आलं. १९६० च्या दशकात टायरच्या पृष्ठभागावर धातूचे बारीक खिळे बसवण्याची चाल उत्तर युरोपात, अमेरिकेत आणि जपानात पसरली. कडक बर्फावर खिळ्यांचा टायर उत्तम धरतो. पण बर्फ नसेल तेव्हा तोच खिळा रस्ता कुरतडतो. पश्चिम जर्मनीने १९७५ मध्ये अशा टायरवर बंदी घातली. जपानात त्याची किंमत फुप्फुसांनी मोजली. होन्शू बेटाच्या उत्तरेकडचं सेंदाई शहर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हिवाळाभर करड्या धुळीत बुडायचं. खिळ्यांनी खरवडलेला डांबरी रस्ताच हवेत तरंगत होता. नागरिकांनी आवाज उठवला, मियागी प्रांताने १९८५ मध्ये अध्यादेश काढला आणि १९९० मध्ये जपानने देशभरासाठी कायदा केला. खिळे गेले, मग बर्फावर धरायचं कशाने? उत्तर रबरातच शोधावं लागलं. ब्रिजस्टोनने १९८८ मध्ये सूक्ष्म छिद्रांच्या रबराचा ‘ब्लिझॅक’ आणला. बर्फावर दाबामुळे आणि घर्षणामुळे जो पाण्याचा पातळ थर सुटतो, तो ही छिद्रं शोषून घेतात.

आजच्या हिवाळी टायरची जात या वळणावर ठरली. त्याचं रबर थंडीतही मऊ राहील असं मिश्रण करून बनवलेलं असतं. पारा सात अंशांच्या खाली गेला की उन्हाळी टायर आखडू लागतो, हिवाळी टायर लवचीक राहतो. त्याच्या नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर नागमोडी बारीक काप असतात. ते रस्त्यावर दाबले की उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फाला चावतात. खाचांमध्ये बर्फ भरून राहतो, कारण बर्फाला सर्वांत चांगला बर्फच धरतो. पण मऊपणाचा दुसरा अर्थ असा की हा टायर उन्हाळ्यात भराभर झिजतो आणि तापल्या रस्त्यावर उशिरा थांबतो. म्हणून तो ईस्टरला उतरवायचा. आणि मऊपणा हाच त्याचा गुण असल्यामुळे, ठेवल्या ठेवल्या तो कडक झाला तर नक्षी कितीही खोल असो, टायर कामातून गेला.

कोणता टायर खरा हिवाळी, हे ओळखायची खूणही उशिरा आली. पूर्वी टायरवर ‘एम+एस’ अशी अक्षरं असायची, म्हणजे चिखल आणि बर्फासाठी. पण ती छापायला कोणतीही चाचणी लागत नव्हती, उत्पादकाने म्हटलं की झालं. १९९९ मध्ये अमेरिका आणि कॅनडाच्या रबर उद्योगाच्या संघटनांनी ठरलेल्या प्रमाण टायरशी बर्फावर तुलना करून कसोटी घेतली जाईल, असा निकष मान्य केला. जो उतरेल त्याच्यावर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, अशी खूण. कायद्यांनी हळूहळू तिचा आधार घेतला. क्यूबेकने २००८ पासून हिवाळ्यात ठरावीक तारखांना हिवाळी टायर सक्तीचे केले. आता तिथे १ डिसेंबर ते १५ मार्च ही मुदत आहे. जर्मनीने २००६ मध्ये ‘हवामानाला योग्य अशी साधनं’ गाडीला असावीत, असा मोघम नियम केला होता. २०१० च्या उन्हाळ्यात ओल्डेनबुर्गच्या उच्च न्यायालयाने तो अस्पष्ट म्हणून घटनाबाह्य ठरवला, तेव्हा त्याच वर्षीच्या डिसेंबरात सरकारला स्वच्छ शब्दांत नवा नियम लिहावा लागला. २०१८ पासून बनलेल्या टायरला तिथे डोंगर-हिमकणाची खूण लागते, आणि नुसत्या ‘एम+एस’च्या जुन्या टायरची सवलत ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. म्हणजे कोठारातून टायर बाहेर काढताना कडेवरची ही खूण पाहणं, ही तपासणीतली सर्वांत तरुण पायरी आहे.

नक्षीची खोली मापणं तुलनेने जुनं. अमेरिकेत १९६८ पासून लागू झालेल्या सुरक्षा मानकाने प्रत्येक मोटार-टायरच्या खाचांत झीजदर्शक उंचवटे घालणं बंधनकारक केलं. उरलेली खोली १.६ मिलिमीटर झाली की ते नक्षीच्या पातळीला येतात आणि टायर संपल्याचं सांगतात. युरोपीय समुदायाने १९९२ पासून हाच आकडा किमान ठरवला. पण तो आकडा ओल्या रस्त्याचा आहे. बर्फात खाचेला पोट हवं. म्हणून ऑस्ट्रियात ४ मिलिमीटरपेक्षा कमी नक्षीचा रेडियल टायर कायद्याने हिवाळी धरलाच जात नाही, स्वीडन आणि फिनलंडमध्ये ही मर्यादा ३ मिलिमीटर आहे. जर्मन माणूस यासाठी खिशातलं दोन युरोंचं नाणं काढतो. त्याची रुपेरी कड सुमारे ४ मिलिमीटर रुंद आहे. ती खाचेत बुडाली तर टायर अजून एक हिवाळा चालेल. नाणं एकाच जागी घालून भागत नाही. आतली कड, मधला भाग, बाहेरची कड अशा तीन जागी पाहावं लागतं. मध्यभाग जास्त झिजला असेल तर हवा जादा होती, दोन्ही कडा झिजल्या तर कमी होती, एकच कड गेली असेल तर अलाइनमेंट बिघडलेली आहे. टायर गाडीला असताना ही झीज वाकून पाहावी लागते. उतरवलेला टायर ती सगळी मोकळेपणाने सांगतो.

हवा हा तर वेगळाच धडा. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने अमेरिकेत सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. प्रामुख्याने फोर्ड एक्स्प्लोरर गाड्यांवरच्या या टायरची नक्षी धावताना पट्ट्यासकट सुटून येत होती आणि गाड्या उलटत होत्या. अमेरिकी वाहतूक सुरक्षा प्रशासनाने अडीचशेहून अधिक मृत्यूंचा संबंध त्यांच्याशी जोडला. उष्ण हवा, मोठा वेग आणि कमी हवा यांचा त्यात हात होता. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला नवा कायदा झाला आणि त्याच्यापायी २००७ पासून अमेरिकेतल्या प्रत्येक नव्या मोटारीला टायरमधली हवा सांगणारी यंत्रणा आली, २०१४ पासून युरोपातही. अनेक गाड्यांत त्यासाठी चाकात बॅटरीवरचा सेन्सर बसवलेला असतो. कोठारातल्या चाकांची तपासणी करताना त्याचं वयही आता मोजावं लागतं.

वयाचा प्रश्न इथे सरळ समोर येतो. टायरच्या कडेवर लंबगोलात चार आकडे असतात. ४२१९ म्हणजे २०१९ मधला बेचाळिसावा आठवडा. अमेरिकेने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला टायरवर ओळखक्रमांक सक्तीचा केला, तो मुख्यतः सदोष माल परत मागवता यावा म्हणून. तेव्हा तारखेला तीनच आकडे होते, वर्षासाठी शेवटचा एकच. त्यामुळे १९७८ चा टायर की १९८८ चा, हे नुसत्या आकड्यांवरून सांगता येत नसे. टायर दहा वर्षं राहील, असं गृहीतच धरलं नव्हतं. २००० पासून चार आकडे झाले.

ते आकडे वाचण्याची गरज किती आहे, हे सप्टेंबर २०१२ मध्ये इंग्लंडने पाहिलं. आइल ऑफ वाइटवरच्या संगीत महोत्सवाहून लिव्हरपूलकडे परतणारी एक बस सरे परगण्यात पुढचा टायर फुटून झाडावर आदळली. तीन जण गेले, त्यातला एक मुलगा अठरा वर्षांचा. तपासात निघालं की तो टायर साडेएकोणीस वर्षांचा होता, खुद्द बसपेक्षा मोठा. तेव्हाच्या ब्रिटिश कायद्यात टायरच्या वयाला मर्यादाच नव्हती. गेलेल्यांपैकी एका मुलाची आई पुढची कित्येक वर्षं सरकारदरबारी हा विषय लढवत राहिली. अखेर १ फेब्रुवारी २०२१ पासून ब्रिटनमध्ये बस आणि मालट्रकच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांपेक्षा जुना टायर लावायला बंदी आली. मला या तपासणीच्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची लढाई वाटते. नक्षी मापणाऱ्यांचं जग मोठं होतं. आकडे वाचायला लावणारी एक आई निघावी लागली.

पण टायर उभ्या उभ्या म्हातारा होतो म्हणजे नेमकं काय होतं? हे उलगडण्याची गोष्ट दुसऱ्या महायुद्धातून येते. १९४२ मध्ये जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडीज घेतले आणि दोस्तांचा नैसर्गिक रबराचा बहुतेक पुरवठा तुटला. अमेरिकेने घाईने कृत्रिम रबराचे कारखाने उभे केले. युद्धानंतर लष्कराच्या गोदामांत अशा रबराच्या वस्तूंचे डोंगर पडून राहिले आणि त्यांना न वापरताच भेगा पडू लागल्या. त्याच सुमारास लॉस एंजेलिसकरांची तक्रार होती की त्यांच्या गाड्यांचे टायर इतर शहरांपेक्षा लवकर तडकतात. त्या शहरावर १९४३ पासून एक डोळे चुरचुरवणारं धुरकं उतरत होतं. कॅलटेकमधला डच रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट अननसाच्या स्वादाचं रसायनशास्त्र अभ्यासत होता. तो या धुरक्याकडे वळला. मोटारींचा धूर आणि ऊन एकत्र आले की ओझोन तयार होतो, आणि धुरक्यातली करामत त्याची आहे, हे त्याने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं. ओझोन मोजायला त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वापरलेलं साधन म्हणजे वाकवून ठेवलेल्या रबराच्या पट्ट्या. पट्टीला किती वेळात भेग पडते, त्यावरून हवेत ओझोन किती ते कळायचं.

मोटारीच्या धुराने मोटारीचा टायर तडकतो, आणि तडकलेलं रबर शहराच्या हवेचा दाखला देतं, हे त्या पट्ट्यांनी सिद्ध केलं. आणखी एक बारकावा त्यातच होता. रबर सैल असेल तर ओझोन त्याला फारशी भेग पाडत नाही. ताणलेल्या रबराला मात्र तो ताणाच्या काटकोनात चिरत जातो. कोठारातल्या टायरसाठीचे नियम इथून आले आहेत. रिमसकट टायर टांगावा किंवा आडवा एकावर एक ठेवावा. रिम नसेल तर उभा ठेवावा आणि अधूनमधून फिरवावा, म्हणजे एकाच जागी ताण पडत नाही. अंधार, गारवा, कोरडी हवा हवी. तेल, पेट्रोल दूर. आणि ज्या यंत्रांत ठिणगी पडते, अशी इलेक्ट्रिक मोटार किंवा वेल्डिंगचं यंत्र, त्यांच्याजवळ टायर कधी ठेवू नये, कारण ठिणगीतून ओझोन निघतो.

भेगांवर औषधही निघालं. टायरच्या मिश्रणात मेण घालतात. ते हळूहळू पृष्ठभागावर येऊन पातळ कवच धरतं. टायर उभा असेपर्यंत ते कवच टिकतं, चाक फिरू लागलं की तुटतं. धावणाऱ्या टायरसाठी वेगळी रसायनं लागतात. अमेरिकी लष्कराच्या रॉक आयलंड शस्त्रागारातल्या संशोधकांनी १९५० च्या दशकात या कामाला गती दिली. त्या कुळातलं ६पीपीडी हे रसायन आज जवळपास प्रत्येक टायरमध्ये असतं. ओझोन रबराला गाठण्याआधी ते स्वतः ओझोनशी झुंजतं आणि खर्ची पडतं. कोठारातून काढलेल्या टायरवर जो तपकिरी थर दिसतो, तो बहुधा याच रसायनाचा असतो. ती घाण नाही, झीजही नाही, टायर स्वतःची राखण करतो आहे. तो खरवडून, रसायनाने धुऊन काढू नये.

या राखणीचीही किंमत निघाली. अमेरिकेच्या वायव्येला सिअॅटल परिसरात पाऊस पडला की नदीत परतलेले कोहो जातीचे सामन मासे अंडी घालण्याआधीच तडफडून मरत होते. वीसेक वर्षं कारण सापडत नव्हतं. डिसेंबर २०२० मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या टकोमा इथल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते जाहीर केलं. ६पीपीडी ओझोनशी झुंजताना ज्या पदार्थात बदलतं, तो ६पीपीडी-क्विनोन टायरच्या कणांबरोबर रस्त्यावर पडतो, पावसाच्या पाण्यातून नाल्यात उतरतो आणि अत्यल्प मात्रेतही कोहोला काही तासांत मारतो. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये ६पीपीडी असलेल्या टायरच्या उत्पादकांना पर्याय शोधून दाखवायला बांधील केलं. तितकाच खात्रीचा पर्याय अजून हाती आलेला नाही. टायर जितकी वर्षं नीट टिकेल तितके कमी टायर बनतील, हे मात्र आपल्या हातात आहे. म्हणून नीट ठेवणं आणि नीट तपासणं यांत मालकाच्या खिशापलीकडचंही काही आहे.

महाराष्ट्रात कुणी ऋतूप्रमाणे टायर बदलत नाही. मग या मागोव्याचा आपल्याशी संबंध काय? आहे, आणि तो डिकीत आहे. वेल्समधल्या लानेल्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ मध्ये जादा चाक बनवायला सुरुवात झाली. रस्त्याचं नाव चाकाला लागलं आणि ते चाक ब्रिटिश साम्राज्यभर गेलं. आपली स्टेपनी ती. आपल्याकडे वर्षानुवर्षं उभा राहणारा टायर हाच. चार टायर घासले की बदलतात, स्टेपनी ‘अजून नवीकोरी आहे’ म्हणून तशीच राहते. तिची नक्षी शाबूत असते, वय मात्र गाडीएवढं. डिकीतल्या उन्हाळ्यात रबर अधिक लवकर म्हातारं होतं. आणि पंक्चर झालं की तीच चढवून आपण ताशी शंभराच्या वेगाने पुढे निघतो. महिनोन्‌महिने कव्हरखाली उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीचीही तीच गत.

समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि टायर फुटून होणारे अपघात महाराष्ट्रात घराघरांत बोलले जाऊ लागले. लांबलचक सिमेंटचा रस्ता, विदर्भ-मराठवाड्याचं ऊन आणि सतत एकाच वेगाचा मारा टायरला सोसावा लागतो. परिवहन खात्याने महामार्गाच्या तोंडाशी टायर तपासून घासलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली, हे चांगलंच झालं. पण ती नजर मुख्यतः नक्षीवर असते. इंग्लंडमधल्या त्या बसने शिकवलेला धडा वयाचा आहे.

आपल्याकडे पावसाळ्याआधी गाडी सर्व्हिसिंगला टाकायची पद्धत आहेच. वायपरचं रबर आपण आठवणीने बदलतो. त्याच दिवशी पाचही टायर पाहावेत. चार आकडे वाचावेत. दहा वर्षं उलटली असतील तर नक्षी कितीही उठावदार दिसो, टायर काढावा, आणि सहा-सात वर्षांनंतर दर वर्षी जाणत्या माणसाला दाखवावा. खाचेच्या तळाशी आणि कडेला बोट फिरवून भेगा पाहाव्यात. फुगा दिसला तर त्या टायरवर एक किलोमीटरही जाऊ नये. स्टेपनीत हवा भरून घ्यावी आणि टायर बदलताना ती बाजूला न ठेवता फिरतीत घ्यावी, म्हणजे पाचही सारखे झिजतील आणि एकही नुसता उभा राहून संपणार नाही. पंक्चरवाल्याने चाक बसवलं की पन्नासेक किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्यावेत. यातलं काहीही खर्चाचं नाही. सेंदाईची धूळ, लॉस एंजेलिसचं धुरकं, सरेच्या रस्त्यावरची ती बस यांनी हा सगळा खर्च आपल्यासाठी आधीच केला आहे. जूनची पहिली सर येण्याआधी डिकी उघडून ते चार आकडे वाचणं, एवढं आपल्याकडे उरतं.